पहिला रोबो एकदाच नव्हे, तीनदा बांधावा

तुझे प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर विद्यार्थ्यांनाही संदर्भ लागेल. तू अकरावी विज्ञान शाखेत शिकतेस, भांडुपला चाळीत दोन खोल्यांच्या घरात राहतेस, लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले ३००० रुपये तुझ्याकडे आहेत आणि रोबोटिक्सच्या खासगी वर्गाची फी परवडण्यासारखी नाही. तू विचारले आहेस की या पैशांत कोणते किट घ्यावे, सी भाषा आधी शिकावी की पायथन, आणि ज्यांच्या शाळेत सहावीपासून प्रयोगशाळा होती त्यांच्या तुलनेत आता फार उशीर झाला आहे का. मी गेली २२ वर्षे कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रांची उभारणी आणि दुरुस्ती करतो आणि रविवारी काही विद्यार्थ्यांना हेच काम शिकवतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

किट घेऊ नकोस. सुटे भाग आण आणि त्याच भागांतून एकच रोबो तीन वेळा बांध: पहिल्यांदा प्रोग्रामशिवाय, दुसऱ्यांदा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी छोटी संगणक-चिप, बसवून आणि तिसऱ्यांदा सेन्सर लावून.

किटला माझा विरोध महागाईमुळे नाही. किटमधल्या पट्टीला भोके योग्य जागी पाडलेली असतात, वायरी मापात कापलेल्या असतात आणि प्रोग्रामही तयार मिळतो, त्यामुळे रोबो पहिल्याच संध्याकाळी चालतो. दुसऱ्या दिवशी तो बंद पडला की मात्र कुठून सुरुवात करावी हे मुलांना सुचत नाही, कारण तो चालत का होता हेच त्यांना कधी पाहावे लागलेले नसते. आमच्या व्यवसायात यंत्र बांधण्यापेक्षा ते का चालत नाही हे शोधण्यात जास्त वेळ जातो, आणि छंद म्हणून हे काम करणाऱ्यालाही तीच सवय सर्वांत आधी लागायला हवी. एका कारखान्यात पाकिटे भरणारे एक यंत्र रोज दुपारी चारच्या सुमारास अडत असे. तेथील मंडळी तीन आठवडे प्रोग्राम बदलत राहिली. मी एक दिवस दुपारभर यंत्रापाशी नुसता उभा राहिलो, तेव्हा दिसले की वरच्या झरोक्यातून येणारी उन्हाची तिरीप बरोबर त्या वेळी प्रकाश-सेन्सरच्या डोळ्यावर पडते. पत्र्याची छोटी टोपी बसवल्यावर यंत्र पुन्हा अडले नाही. ही गोष्ट लक्षात ठेव, कारण तुझ्या तिसऱ्या रोबोच्या वेळी ती पुन्हा येणार आहे.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोडला, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गाला, स्वतः जा. भांडुपहून दादर आणि तेथून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल पकडून ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरलीस की काही मिनिटांच्या चालीवर इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने सुरू होतात. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळी जा. ऑनलाइन मागवणे सोपे आहे, पण नवख्या माणसाने पहिली खेप तरी हाताने निवडून आणावी, असे माझे ठाम मत आहे. मोटर हातात घेऊन तिचा दांडा फिरवून पाहता येतो, दोन दुकानांत भाव विचारता येतो, आणि गल्ल्यावरचा माणूस 'कितने आरपीएम का?', म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांची, असे विचारतो तेव्हा आपल्याला काय हवे ते नेमके सांगावे लागते. ते सांगता यावे यासाठी घरूनच कागदावर यादी करून जा.

पहिल्या खेपेत साधारण १००० ते १२०० रुपयांपेक्षा जास्त खर्च करू नकोस. यादी अशी असावी: एक साधा डिजिटल मल्टिमीटर, ज्यात जोड तपासताना 'बीप' वाजण्याची सोय आहे, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, तिचा स्टँड, थोडी सोल्डर वायर आणि फ्लक्सची (सोल्डर नीट पसरावी म्हणून लावायच्या पेस्टची) डबी, १०० आरपीएमच्या दोन बीओ मोटर, म्हणजे त्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या गिअरवाल्या मोटर, त्यांच्या मापाची दोन चाके आणि एक कॅस्टर (कुठेही वळणारे आधाराचे चाक), दोन डीपीडीटी स्विच (दोन वायरी एकदम दोन्हींपैकी एका बाजूला जोडणारे), मध्ये 'बंद' असलेले, चार पेन्सिल सेलचा होल्डर आणि पाच-सहा मीटर वायर. सांगाडा विकत घेण्याची गरज नाही. स्टेशनरीच्या दुकानातला जाड सनबोर्ड, किंवा सुताराकडे उरलेला प्लायचा तुकडा पुरतो. मल्टिमीटरला मी यादीत सर्वांत वर ठेवले आहे, कारण त्याच्याशिवाय पुढचे प्रत्येक पाऊल अंदाजाने टाकावे लागते.

आता पहिला रोबो. यात आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम चढवता येणारा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, नाही आणि प्रोग्रामही नाही. दोन मोटर, दोन स्विच आणि एक लांब वायर आहे. तरीही तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यातील स्विचची जोडणी जरा सविस्तर सांगतो. डीपीडीटी स्विच उलटा करून पाहिलास तर त्याला सहा पाय दिसतील, दोन रांगांत तीन-तीन. मधल्या दोन पायांना मोटरच्या दोन वायरी जोडायच्या. वरच्या दोन पायांना बॅटरीचे धन आणि ऋण टोक जोडायचे. मग वरच्या डाव्या पायापासून खालच्या उजव्या पायापर्यंत आणि वरच्या उजव्या पायापासून खालच्या डाव्या पायापर्यंत अशा दोन तिरक्या वायरी सोल्डर करायच्या. या दोन वायरी एकमेकींना ओलांडून जातात, पण त्यांच्या उघड्या तारा एकमेकींना लागता कामा नयेत. आता दांडी एका बाजूला केली की मोटरला बॅटरी सरळ मिळते, दुसऱ्या बाजूला केली की उलटी मिळते आणि मोटर उलट फिरते, मध्ये ठेवली की मोटर थांबते. डाव्या हाताचा स्विच डाव्या चाकाला आणि उजव्या हाताचा उजव्या चाकाला दिला की रोबो पुढे, मागे आणि जागच्या जागी वळू लागतो.

बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटर 'बीप'वर ठेव आणि बॅटरीच्या दोन वायरींच्या टोकांना त्याच्या दोन सळ्या लाव. स्विच मध्ये असताना 'बीप' वाजली तर कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे धन आणि ऋण बाजू एकमेकींना थेट लागल्या आहेत, आणि ते सापडेपर्यंत सेल बसवायचे नाहीत. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी प्रत्येक नव्या जोडणीनंतर करायची. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांनी जळवलेल्या बहुतेक भागांच्या मागे हेच अर्धे मिनिट वाचवण्याची घाई होती.

सोल्डरिंगबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण बाकीचे हातालाच कळते. सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून मग सांध्यावर टेकवायची नाही. आयर्नने आधी वायर आणि पाय दोन्ही तापवायचे आणि सोल्डर त्या तापलेल्या धातूला लावायची, म्हणजे ती आपोआप पसरून चकचकीत बसते. कथिल आणि शिसे यांची ६३-३७ प्रमाणातील सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि सांधा नीट तापलेला नसेल तर ती गोळीसारखी नुसती वर बसून राहते. दिसायला सांधा झालेला असतो, पण धक्का लागला की वीज तुटते. शिशामुळे काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, खिडकी उघडी ठेवायची आणि धूर थेट नाकात जाईल असे वाकून बसायचे नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम मुळीच करू नकोस. दोन खोल्यांच्या घरात जागेची अडचण मला ठाऊक आहे. एक जुना पाट किंवा प्लायचा तुकडा फक्त याच कामाला ठेवला आणि तो खिडकीजवळ मांडला तरी चालते.

हा रोबो चालला की तो चाळीच्या गॅलरीत सरळ चालवायचा प्रयत्न कर. दोन्ही स्विच एकदम पुढे केलेस तरी तो सरळ जाणार नाही, हळूहळू एका भिंतीकडे सरकत जाईल. दोन बीओ मोटर कधीच अगदी सारख्या वेगाने फिरत नाहीत आणि प्लॅस्टिकच्या गिअरमध्ये थोडा फरक असतोच. वेगाचा हिशेबही आता करून पाहा. बाजारात मिळणाऱ्या बीओ चाकाचा व्यास साधारण ६५ मिलिमीटर असतो, म्हणजे परीघ सुमारे २०.४ सेंटिमीटर झाला; मोटर मिनिटाला १०० फेरे घेत असेल तर रोबो मिनिटाला २०४० सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला ३४ सेंटिमीटर जायला हवा. खडूने तीन मीटरचे अंतर आखून घड्याळ लावलेस तर वेग जरा कमीच भरेल, कारण मोटरवरचे १०० हे आकडे वजन नसतानाचे आणि ठरावीक व्होल्टचे असतात. हिशेब, मोजमाप आणि त्या दोघांतल्या फरकाचे कारण या तिन्ही गोष्टी वहीत लिहून ठेव. अभियांत्रिकी म्हणून महाविद्यालयात जे शिकवतात त्याचा मोठा भाग हाच आहे.

दुसऱ्या रोबोसाठी दुसरी खेप. आर्डुइनो ऊनो आणि एक मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट पुरवणारा छोटा बोर्ड, घ्यायचा. आर्डुइनोचा आराखडा खुला आहे, त्यामुळे लॅमिंग्टन रोडला 'ओरिजिनल' आणि 'कॉपी' असे दोन्ही प्रकार उघडपणे मिळतात आणि सुरुवातीला कॉपी पुरेशी आहे. कॉपी बोर्डवर बहुधा सीएच३४० ही यूएसबीची चिप असते आणि काही संगणकांवर तिचे ड्रायव्हर सॉफ्टवेअर वेगळे टाकावे लागते. संगणक बोर्ड ओळखत नसेल तर बोर्ड खराब आहे असे समजण्याआधी हे सॉफ्टवेअर आणि केबल या दोन गोष्टी तपास, कारण मोबाइल चार्जिंगच्या काही केबलमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. घरी लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवरून ओटीजी केबलने (फोनला यूएसबी उपकरण जोडणाऱ्या केबलने) प्रोग्राम चढवता येतो, आणि बोर्ड येण्याआधी टिंकरकॅड किंवा वोकवी यांच्या संकेतस्थळांवर आर्डुइनोचा सर्किटसह सराव फुकट करता येतो.

मोटर थेट आर्डुइनोच्या पिनला का जोडायची नाही, हे आता समजून घेऊ. ऊनोवरील एटीमेगा३२८पी या चिपच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच करंट घेणे शहाणपणाचे असते आणि ४० मिलिअँपिअर ही तिची कमाल मर्यादा आहे. छोटी बीओ मोटरसुद्धा चालताना शंभराहून जास्त मिलिअँपिअर खेचते आणि चाक अडकले तर त्याच्या कितीतरी पट. म्हणून पिन फक्त हुकूम देते आणि करंट ड्रायव्हर देतो. या ड्रायव्हरच्या आत एच-ब्रिज नावाची जोडणी असते: चार ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारे स्विच, असे बसवलेले की तिरके दोन चालू केले तर मोटर सरळ फिरते आणि दुसरे तिरके दोन चालू केले तर उलट. तू डीपीडीटी स्विचमागे सोल्डर केलेल्या त्या दोन तिरक्या वायरी आठव. ज्याने तो स्विच हाताने जोडला आहे त्याला एच-ब्रिज पुन्हा समजावून सांगावा लागत नाही, आणि पहिला रोबो प्रोग्रामशिवाय बांधण्याचा माझा आग्रह मुख्यतः याचसाठी आहे.

सर्वत्र मिळणारा एल२९८एन हा ड्रायव्हर दणकट आहे, पण जुन्या पद्धतीचा आहे. त्याच्या आत बॅटरीचे सुमारे दोन व्होल्ट उष्णतेत जातात. चार रिचार्जेबल पेन्सिल सेलचे ४.८ व्होल्ट दिलेस तर मोटरला तीनच्याही खाली मिळतात आणि रोबो रेंगाळतो. म्हणून एल२९८एन घेतलास तर निकेल-मेटल हायड्राइडचे सहा सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट, वापर. टीबी६६१२एफएनजी हा ड्रायव्हर मिळाला तर तो जास्त चांगला, कारण त्यात मॉस्फेट (कमी विरोधाचे ट्रान्झिस्टर) असल्याने इतका व्होल्टेज वाया जात नाही. तुझ्या पैशांतला मोठा वाटा या सेलवर आणि त्यांच्या चार्जरवर जाईल आणि तो जाऊ दे.

बॅटरीबद्दल आणखी दोन इशारे द्यायलाच हवेत. पहिला चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीचा. ती मल्टिमीटरसारख्या उपकरणांसाठी असते. तिच्या आतला विरोध इतका जास्त असतो की मोटरने करंट मागताच तिचा व्होल्टेज कोसळतो, आणि तरीही अनेक व्हिडिओंत रोबोवर तीच दिसते. दुसरा इशारा लिथियमच्या १८६५० सेलचा, जो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. त्याची ताकद मोठी आहे, म्हणूनच शॉर्ट झाला तर तो आग लावू शकतो. पहिल्या वर्षी तो घरात आणू नकोस. पुढे कधी आणलास तर रात्री झोपताना चार्जिंगला लावायचा नाही, आणि वेष्टनावर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेला स्वस्त सेल घ्यायचा नाही, कारण नामवंत कंपन्यांचे या मापाचे सेलसुद्धा साधारण ३५०० च्या आसपास असतात.

दुसऱ्या रोबोत तुला हमखास भेटणारे दोन दोष आहेत. पहिल्यात सर्व जोडण्या आकृतीप्रमाणे असतात, प्रोग्राम बरोबर असतो, पण मोटर हलत नाही किंवा वेड्यासारखी वागते. आर्डुइनो यूएसबीवर चालतो आहे, मोटर वेगळ्या बॅटरीवर आहे आणि या दोघांचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोके, एकमेकांना जोडलेले नाहीत, हे त्याचे कारण बहुतेक वेळा निघते. व्होल्ट म्हणजे दोन बिंदूंमधला फरक. आर्डुइनो 'पाच व्होल्ट' म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या ग्राउंडपासून मोजतो, आणि ड्रायव्हरला तेच ग्राउंड ठाऊक नसेल तर त्या पाचला काही अर्थ राहत नाही. एक वायर जोडली की काम होते.

दुसरा दोष जास्त फसवा आहे. रोबो पुढे निघताच गचका देतो, थांबतो, पुन्हा निघतो, पुन्हा थांबतो. मुले प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. अशा वेळी प्रोग्रामच्या सेटअप भागात 'सुरू झाले' असा एक शब्द सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डने पाठवलेला मजकूर संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत, छापायला लाव. तो शब्द एकदाच दिसायला हवा, कारण सेटअप एकदाच चालतो. रोबो निघताना तो पुन्हा पुन्हा उमटू लागला, तर प्रोग्राम चुकत नसून आर्डुइनो दर वेळी नव्याने सुरू होतो आहे, हे पक्के झाले. मोटर सुरू होण्याच्या क्षणी एवढा करंट खेचते की बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली जातो आणि चिप स्वतःला रीसेट करते. मल्टिमीटर इतका झटपट नसल्याने त्यावर ही घसरण दिसत नाही; तो एक छापलेला शब्द मात्र ती दाखवून देतो. उपाय म्हणून आर्डुइनोला वेगळा पुरवठा दे, मोटरच्या पुरवठ्यावर ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून अशी घसरण भरून काढणारा भाग) त्याची धन-ऋण बाजू पाहून लाव, आणि प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये '१०४' छापलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर कर. आर्डुइनोसाठी पॉवर बँक वापरणार असशील तर एवढे लक्षात ठेव की काही पॉवर बँका इतका कमी करंट पाहून काही सेकंदांत आपोआप बंद होतात. तोही प्रोग्रामचा दोष नव्हे.

भाषेचा प्रश्न इथे येतो आणि त्याचे उत्तर छोटे आहे. आर्डुइनो सी++ भाषेत, म्हणजे सीच्याच विस्तारित रूपात, चालतो, म्हणून तीच आधी शीक. पायथन पुढे, कॅमेऱ्यावरून वस्तू ओळखण्यासारख्या कामाला रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक-बोर्ड घेशील तेव्हा, महिनाभरात येईल. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पात अनेक अभ्यासक्रम मराठी निवेदनासह फुकट आहेत, त्यांचा उपयोग कर. तयार प्रोग्राम उतरवून घेण्यात पाप नाही, पण त्यातील प्रत्येक ओळ काय करते हे वहीत मराठीत लिहिता येत नसेल तोवर तो बोर्डवर चढवू नकोस.

तिसरा रोबो म्हणजे जमिनीवरची काळी रेघ पाहून चालणारा. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि म्हणून इथेच अडकतात. टीसीआरटी५००० या सेन्सरमध्ये डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकणारा एक एलईडी आणि शेजारी तो प्रकाश टिपणारा एक फोटोट्रान्झिस्टर असतो. पांढऱ्या कागदावरून प्रकाश परत येतो, काळ्या इन्सुलेशन टेपवरून फारसा येत नाही. दुकानात मिळणाऱ्या मॉड्यूलवर एक छोटा स्क्रू असतो आणि तो फिरवून 'काळे' आणि 'पांढरे' यांची सीमा ठरवता येते. पण तू त्याची अॅनालॉग पिन वापर, म्हणजे आर्डुइनोला ० ते १०२३ मधला प्रत्यक्ष आकडा दिसतो; प्रकाश जास्त मिळाला की हा आकडा लहान होतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचा रोबो घरी दिवसभर सुरेख चालत होता आणि स्पर्धेच्या सभागृहात तीन फुटांवर रेघ सोडून निघून गेला. त्याने प्रोग्राममध्ये सीमा ४२५ अशी कायमची लिहिली होती, कारण घरी पांढऱ्यावर सुमारे ९० आणि काळ्यावर सुमारे ७६० आकडा येत असे. मी त्याला सभागृहात खिडकीजवळ, जिथे रोबो भरकटला तिथेच, आकडे वाचायला सांगितले. पांढऱ्यावर ४० आले आणि काळ्यावर ३१०. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असते, त्यामुळे काळ्या टेपवर असतानाही फोटोट्रान्झिस्टरला प्रकाश मिळत होता आणि ४२५ च्या खालचे सगळेच आकडे प्रोग्रामच्या दृष्टीने पांढरे होते. त्या कारखान्यातील दुपारच्या चारची तिरीप हीच होती. आम्ही काळ्या कार्डपेपरचा झालरीसारखा पट्टा सेन्सरभोवती चिकटवला आणि प्रोग्राममध्ये चार ओळी वाढवल्या: सुरू होताच रोबोने रेघेवर डावीकडे-उजवीकडे हलावे, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा टिपून घ्यावा आणि त्यांच्या मधला आकडा सीमा म्हणून धरावा. दुसऱ्या फेरीत रोबोने पूर्ण चक्कर मारली. बक्षीस मिळाले नाही, पण त्या मुलाने ते चार आकडे अजून वहीत जपून ठेवले आहेत.

रेघेवर चालताना रोबो सापासारखा डोलत असेल तर वळणे 'पूर्ण डावीकडे' आणि 'पूर्ण उजवीकडे' अशी दोनच ठेवली आहेत असे समज. सायकल चालवताना आपण हँडल असे झटकत नाही. जितके सरकलो तितकेच थोडे वळवतो. रेघेपासूनचे अंतर मोजून त्याच्या प्रमाणात दोन चाकांच्या वेगात फरक करायचा, हे प्रमाणाधिष्ठित नियंत्रण झाले. त्यात 'अंतर किती झपाट्याने बदलते आहे' याचा विचार मिळवला की डोलणे आणखी कमी होते. कारखान्यांतील भट्टीचे तापमान सांभाळणारे पीआयडी नियंत्रण (चुकीचे प्रमाण, तिची साठत गेलेली बेरीज आणि तिच्या बदलाचा वेग या तिन्हींवर चालणारे) याच कुळातले आहे.

रेघेनंतर अडथळा ओळखायचा असेल तर एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर घे. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत येण्याचा वेळ मोजतो. दर सेंटिमीटरला जाऊन-येऊन साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात. हा आकडा सुमारे २० अंश तापमानाचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे खोलीत ३३ अंश असतात तेव्हा ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ ऐवजी सुमारे ३५१ मीटर होतो आणि एक मीटरच्या मापात दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. पडदा आणि तिरकी भिंत यांवरून प्रतिध्वनी नीट येत नाही, हेही स्वतः करून पाहा.

यंत्रभाग फुकट मिळवायचा असेल तर भंगारवाल्याकडचा जुना प्रिंटर घे. त्यात स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या टप्प्यांनी फिरणारी), गुळगुळीत पोलादी दांडे, गिअर, स्प्रिंगा आणि पट्टे मिळतात, आणि तो उघडतानाच यंत्ररचनेचा एक उत्तम धडा होतो. मात्र प्रिंटर किंवा संगणकाचा विजेचा पुरवठा करणारा डबा, जुना टीव्ही आणि मायक्रोवेव्ह ओव्हन कधीही उघडू नकोस. त्यांतील कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा धक्का देऊ शकतात. घरातल्या २३० व्होल्टशी सध्या तुझा संबंध फक्त चार्जर आणि आयर्नच्या प्लगपुरता असावा.

उशीर झाल्याच्या शंकेबद्दल. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून शाळांत ज्या अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या, त्या सहावी ते बारावीसाठी आहेत. म्हणजे तुझी वेळ टळलेली नाही आणि तुझ्या परिसरातील एखाद्या शाळेत अशी लॅब असेल तर मुख्याध्यापकांना भेटून विचारायला हरकत नाही. कांजूरमार्गहून जवळ असलेल्या पवईच्या आयआयटीत १९९८ पासून टेकफेस्ट हा तंत्रज्ञान महोत्सव भरतो. तिथे स्पर्धेत उतरण्याआधी एक वर्ष नुसती पाहायला जा आणि हरलेल्या संघांच्या टेबलांपाशी जास्त वेळ थांब, कारण आपला रोबो कुठे अडला ते तीच मुले मनापासून सांगतात. पुढे अभियांत्रिकीला गेलीस तर आयआयटी मुंबईच्याच ई-यंत्र या प्रकल्पाची स्पर्धा आहे, आणि २००२ पासून चालत आलेली रोबोकॉन ही आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धा आहे, जिचे आशियाई यजमानपद २००८ आणि २०१४ मध्ये पुण्याने केले. रोबोकॉनमध्ये यजमान देश दर वर्षी नवे आव्हान ठरवतो, त्यामुळे जुन्या किटचा तिथे काही उपयोग होत नाही आणि संघात सोल्डरिंग, कानस चालवणे आणि दोष शोधणे येणाऱ्यांना मागणी असते. माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या संस्थांत तर विद्यार्थ्यांनीच चालवलेला रोबोटिक्सचा गट आहे आणि तिथे वरच्या वर्गातील मुले खालच्यांना शिकवतात.

तेव्हा या शनिवारी ग्रँट रोडला जा आणि फक्त पहिली खेप आण. पहिला रोबो गॅलरीत तीन मीटर चालवून तो कोणत्या बाजूला किती सेंटिमीटर सरकला हे दहा वेळा मोज, मग दोन मोटरची अदलाबदल करून पुन्हा दहा वेळा मोज. सरकण्याची बाजू बदलली तर फरक मोटरमध्ये आहे. बदलली नाही तर चाकाच्या बसवणीत, कॅस्टरमध्ये किंवा वजनाच्या वाटणीत आहे. ते वीस आकडे मला लिहून पाठव. आर्डुइनो घेण्याबद्दल आपण त्यानंतर बोलू.